गुळवेल ओळखून घ्यावी, मोजून घ्यावी

वाचकहो, अरबस्तानच्या किनाऱ्यावर मस्कत शहर आहे आणि त्या शहरात अल् खुवैर नावाची मोठी वस्ती आहे. सरकारी मंत्रालये, मशिदी, दुकाने आणि भाडेकरूंच्या इमारती यांनी ती गजबजलेली असते. ओमानचे निसर्ग-इतिहास संग्रहालय १९८५ साली याच वस्तीत उघडले. कामाधंद्यासाठी गेलेले भारतीय तेथे पुष्कळ आहेत आणि त्यांत मराठी घरेही आहेत. आपले पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जहाजाने मॉरिशसला आले आणि इथलेच झाले. मस्कतचा मराठी माणूस विमानाने जातो आणि सुटी मिळाली की गावी फेरी मारून येतो. पण घर सोडताना बरोबर काय न्यावे, या बाबतीत दोघांचा स्वभाव एकच. देव न्यावेत, मसाले न्यावेत आणि आजीबाईचा बटवा न्यावा.

त्या बटव्यातल्या एका वेलीचे नाव अलीकडे फार ऐकू येते. ती म्हणजे गुळवेल. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा ताकद वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घरोघर उकळू लागला. गावाकडच्या परसदारी तर उकळलाच, पण जिथे जिथे आपली माणसे गेली आहेत तिथेही उकळला. साथ ओसरली, पण पुष्कळांची सवय राहिली. कोणी ताप येऊ नये म्हणून घेतो, कोणी सांधे दुखतात म्हणून, आणि रक्तातली साखर उतरावी म्हणून घेणारे तर सर्वांत जास्त.

गुळवेल हे मोठे औषध आहे, हे खरे. ते सर्वांनी रोज घ्यावे असे औषध नाही, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टींची साक्ष एकाच शहरातून, मुंबईतून, मिळाली आहे. ती कशी, हे आज पाहू.

नावांतच ओळख

गुळवेलीला संस्कृतात गुडूची आणि अमृता म्हणतात, हिंदीत गिलोय, कन्नडमध्ये अमृतबळ्ळी. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील ग्रंथात तिच्या जन्माची कथा आहे. रावणवधानंतर रणांगणात पडलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडले. वानर उठून उभे राहिले आणि त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जिथे जिथे पडले, तिथे ही वेल उगवली. कथा बाजूला ठेवली तरी जुन्या लोकांचे निरीक्षण किती बारीक होते, ते तिच्या इतर नावांवरून दिसते.

'छिन्नरुहा' म्हणजे तोडली तरी वाढणारी. खोडाचा बोटभर तुकडा तोडून कुंपणावर अडकवला, तरी तो सुकून जात नाही. झाडावर चढलेल्या वेलीचे खोड खालून कापले, तर वरचा भाग दोऱ्यासारखी लांब मुळे हवेत सोडतो आणि ती जमिनीकडे उतरतात. खोड मांसल असल्यामुळे त्यात पाणी साठते. 'चक्रलक्षणिका' म्हणजे चाकाची खूण असलेली. खोड आडवे कापून पाहिले की मधोमध गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात.

पाने विड्याच्या पानाच्या घाटाची, हृदयाच्या आकाराची आणि गुळगुळीत असतात. खोडावरची साल कागदासारखी पातळ. नखाने खरवडली की निघते आणि आत हिरवा रंग दिसतो. फुले बारीक, पिवळसर हिरवी. नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. मादीच्या वेलीवर वाटाण्याएवढी लाल फळे घोसाने लागतात. नावात 'गुळ' असला तरी चव चांगलीच कडू.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की हिच्यासारख्या दिसणाऱ्या किंवा हिच्यासारखे नाव असणाऱ्या वेली अनेक आहेत. पहिला घोटाळा नावाचा. गुळवेलीला आपण अमृतवेल म्हणतो आणि अमरवेल ही निराळीच. अमरवेलीला पाने नसतात. ती पिवळ्या दोऱ्यांसारखी दुसऱ्याच्या झाडावर पसरते आणि त्याचा रस शोषून जगते. दुसरा घोटाळा रूपाचा. आग्नेय आशियात गुळवेलीची एक सख्खी बहीण आहे. तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा, आणि आपल्या गुळवेलीचे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दोघींची पाने सारखीच. पण क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात आणि यकृताला तिच्यापासून अपाय झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. तिसरी एक बहीण आहे, तिच्या पानांना खालून लव असते. आणि ओमानच्या कोरड्या ओढ्यांतून, ज्यांना तिथे वादी म्हणतात, गुळवेलीच्याच कुळातली आणखी एक वेल रानटी वाढते. ती आपल्या कोकणातल्या वासनवेलीच्या नात्यातली. कूळ एक म्हणून गुण एक, असे मात्र नसते.

वैद्य काय सांगत

चरकसंहितेत बुद्धी व स्मरण यांना हितकर अशी चार रसायने सांगितली आहेत. मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, शंखपुष्पी आणि चौथी गुळवेल. रेंगाळणारा ताप, कावीळ, त्वचेचे विकार, मधुमेह यांत वैद्य ती वापरत आले आहेत. वातरक्त म्हणजे सांधे लाल होऊन ठणकणारा जो विकार, त्यात तर तिला पहिला मान आहे. अमृतारिष्ट आणि संशमनी वटी ही तिच्यापासून होणारी औषधे दुकानांत मिळतात.

गुळवेलीचे सत्त्व करण्याची रीत जुन्या घरांना माहीत असे. अंगठ्याएवढी जाड ताजी खोडे स्वच्छ धुऊन ठेचायची, चौपट पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी हाताने चोळून गाळायची. मग ते पाणी न हलवता ठेवायचे. तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी हळूच ओतून टाकून तो साका वाळवायचा. टोपलीभर खोडांतून मूठभर सत्त्व निघते, म्हणूनच ते महाग. उन्हाळे लागले, हातापायांची आग झाली, तर ते देत.

दोन गोष्टी मात्र काढा उकळणाऱ्या घरांतून हल्ली विसरल्या गेल्या आहेत.

पहिली गोष्ट अनुपानाची, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यावे याची. वातासाठी गुळवेल तुपाबरोबर, पित्तासाठी साखरेबरोबर, कफासाठी मधाबरोबर. बद्धकोष्ठ असेल तर गुळाबरोबर, आमवातात सुंठीबरोबर, वातरक्तात एरंडेलाबरोबर. वेल तीच, पण माणूस बदलला की सोबत बदलली. याचा अर्थ वैद्य आधी माणूस पाहत असे आणि मग वेल तोडत असे. सर्वांना एकच पेला, अशी पद्धत आयुर्वेदात नव्हतीच.

दुसरी गोष्ट ताजेपणाची आणि मापाची. शारंगधरसंहितेत नेहमी ओल्याच वापराव्यात अशा वनस्पती मोजून दिल्या आहेत, त्यांत गुळवेल आहे. आणि भारताच्या आयुर्वेदीय औषधसंहितेत तिचे माप आहे: चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड. माप आहे याचाच अर्थ मर्यादा आहे.

मुंबईची पहिली साक्ष

मुंबईच्या परळ भागात के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे डॉ. शरदिनी डहाणूकर औषधशास्त्र शिकवीत. झाडाफुलांवर मराठीत सुंदर लेखन करणाऱ्या म्हणूनही त्या महाराष्ट्राला परिचित होत्या. आयुर्वेदातील औषधे आधुनिक कसोट्यांवर घासून पाहण्याचे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने केले.

त्यांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पित्ताची वाट अडल्यामुळे कावीळ झालेले ३० रुग्ण होते. अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करणे फार जोखमीचे, कारण शरीरातील जंतूंशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या झालेल्या असतात आणि रक्तात जंतुदोष पसरतो. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्या निम्म्यांना तेच उपचार आणि शिवाय गुळवेलीचा मोजून दिलेला अर्क. पहिल्या गटात निम्म्यांच्या रक्तात जंतुदोष झाला, दुसऱ्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटात ४० टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटात सुमारे ९२ टक्के.

रुग्ण थोडे होते, एवढ्यावरून डंका पिटणे बरे नव्हे. तरी ही नोंद दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पुढे २००५ साली भारतातच ७५ रुग्णांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वावड्यामुळे सतत शिंका येणाऱ्या, नाक वाहणाऱ्या माणसांना आठ आठवडे गुळवेल दिल्यावर पुष्कळांना चांगला आराम पडला. आजी सांगत होती ते सारेच वायफळ नव्हते, एवढे यावरून खास म्हणता येते.

मुंबईची दुसरी साक्ष

आता त्याच शहरातली दुसरी बाजू. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगात त्राण नाही. काविळीची नेहमीची कारणे तपासली, ती नव्हती. विचारता विचारता कळले की सर्व जण गुळवेल घेत होते. त्यांपैकी एका महिलेला आधीपासूनच यकृताचा आजार होता. ती दगावली. ही हकीकत २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये तिला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती, दुसरी कोणती नव्हती, हे नीट सिद्ध झालेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हरकत गंभीर होती. चुकीची वेल घेतली जाऊ शकते, हे आपण वर पाहिलेच. पण २०२२ साली भारतातील १३ केंद्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात असे ४३ रुग्ण नोंदले गेले. वेल घ्यायला सुरुवात केल्यापासून त्रास दिसू लागेपर्यंतचा मध्यम काळ ४६ दिवसांचा होता. अनेकांच्या रक्तात अशी लक्षणे मिळाली, की शरीराचे संरक्षक दळ स्वतःच्याच यकृतावर उलटले असावे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. परळच्या रुग्णालयात ज्या गुणाने रुग्ण वाचले, तो गुण म्हणजे शरीराच्या संरक्षक दळाला जागे करणे. ज्यांचे दळ झोपले होते त्यांना तो उपकारक ठरला. पण ज्यांचे दळ आधीच बिथरलेले आहे, किंवा बिथरण्याच्या बेतात आहे, त्यांना तोच गुण घातक ठरू शकतो, असे डॉक्टरांचे अनुमान आहे. एका ठिकाणी मोजलेला अर्क होता, ठरावीक दिवस होते आणि उशाशी डॉक्टर होते. दुसऱ्या ठिकाणी ना माप, ना मुदत, ना कोणाला विचारणे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये कोरोनासाठी जी आयुर्वेदीय नियमावली काढली, तिच्यातही गुळवेलीच्या घनवटीची मुदत १५ दिवस किंवा एक महिना, अथवा वैद्य सांगतील तशी, अशी होती. लोकांनी नाव ऐकले, मुदत ऐकली नाही. अति तेथे माती, ही म्हण आपल्याच भाषेतली.

वेल ओळखणारे हात

साथीच्या त्या काळात गुळवेलीला एकदम मोठे गिऱ्हाईक आले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी समाजातल्या काही तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था चालविली आहे. रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकणे हे त्यांचे काम. २०२१ साली त्यांच्या हाती नावाजलेल्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी होती. वीटभट्ट्यांवर राबण्यासाठी वर्षानुवर्षे घरदार सोडणाऱ्या या समाजाला रानातल्या ज्ञानाचे मोल मिळाले, ही आनंदाची गोष्ट.

यात आपल्यालाही एक बोध आहे. कातकरी माणूस वेल हाताळून, साल खरवडून ओळखतो. औषधाच्या सुरक्षिततेची पहिली पायरी ती. पुडीत आलेले वाळके तुकडे पाहून मस्कतमध्ये किंवा पोर्ट लुईमध्ये बसलेल्या माणसाला ते कशाचे आहेत हे सांगता येत नाही. साल नाही, पान नाही, फळ नाही. राहिला तो केवळ पुडी देणाऱ्यावरचा विश्वास.

'पाल्याचं औषध ते!'

मस्कतला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात पावसाळ्याच्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. तरीही चिवट छिन्नरुहा सावलीतल्या कुंडीत, रोज थोडे पाणी मिळाले तर, अल् खुवैरच्या गॅलरीतही तग धरू शकते. वेल जगविणे अवघड नाही. ती वापरण्याचे शहाणपण बरोबर नेणे अवघड आहे. नातवंडांना भेटायला गावाहून सासूबाई येतात, तेव्हा अशा घरांतून होणारा संवाद साधारण असा असतो.

"आई, हा काढा रोज घेता का हो?"

"रोज म्हणजे काय, सहा महिने झाले. साखर उतरते गं त्याने."

"पण साखरेची गोळीही चालू आहे ना तुमची? डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यात काय सांगायचं? पाल्याचं औषध ते!"

हा संवाद आपल्या बेटावरच्या घरालाही परका नाही. मॉरिशसमध्ये प्रौढ माणसांत पाचांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. आपल्याकडे पोर्ट लुईच्या बाजारात तिझानच्या जुड्या मिळतात, मारगोजचा म्हणजे कारल्याचा रस पुष्कळ जण पितात, आणि कडू ते साखरेला चांगले अशी सर्वांची समजूत आहे. गुळवेलीने रक्तातली साखर काही अंशी उतरू शकते, हे खरेच. धोका नेमका तिथेच आहे. गोळीने उतरलेली आणि काढ्याने आणखी उतरलेली साखर वाजवीपेक्षा खाली गेली, तर घाम सुटतो, थरथर होते, घेरी येते. म्हातारा माणूस न्हाणीघरात पडतो, खुबा मोडतो. उलट, काढ्याच्या भरवशावर गोळी सोडली तर साखर गुपचूप चढते आणि डोळे, मूत्रपिंडे, पाय यांचे नुकसान करते. दोन्हीकडून तोटा घरच्यांनाच.

घरी काय पाळावे

यकृताचा आजार, मद्याचे व्यसन, संधिवात किंवा थायरॉइडसारखे संरक्षक दळ उलटल्याने होणारे विकार ज्यांना आहेत, अवयवरोपण झाले आहे, त्यांनी गुळवेल आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या बाबतीतही वैद्यांना विचारल्यावाचून काही देऊ नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना काढ्याविषयी आधी सांगावे. लाजू नये. डॉक्टर रागावतील म्हणून लपविलेली गोष्टच पुढे महागात पडते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आवर्जून सांगावे.

घेत असताना अन्नावरची वासना गेली, मळमळले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी बंद करून रुग्णालय गाठावे आणि पुडी बरोबर न्यावी. वेळेवर थांबविल्यास बहुतेकांचे यकृत सावरते.

सल्ला घ्यायचा तर नोंदणी झालेल्या वैद्याचा घ्यावा. आपल्या देशात आयुर्वेद व इतर पारंपरिक औषधपद्धतींचा कायदा १९८९ सालीच झालेला आहे. फोनवर फिरत येणाऱ्या निरोपांना नोंदणी नसते.

आणि आणखी एक. भारतभेटीहून परतताना वेलीचा तुकडा पेटीत दडवून आणू नये. रोप, खोड किंवा बी बेटावर आणायला आधी परवाना लागतो. त्यामागे कारण आहे. बाहेरून आलेल्या झुडपांनी आणि किडींनी आपल्या बेटावरील मूळ वनस्पतींचे किती नुकसान केले आहे, हे आपण जाणतोच. जी वेल कापली तरी मरत नाही, ती नव्या मुलखात कशी पसरेल याचा नेम नसतो.

आपल्या पूर्वजांनी औषधे बरोबर आणली, पण वैद्य मात्र गावीच राहिला. त्याची जागा आपण स्वतः घेऊन चालणार नाही. घरात कोणी कडू पेला हातात घेतला असेल, तर आज संध्याकाळीच तीन प्रश्न विचारावेत: ही वेल कोणती, किती दिवस घेता आहात, आणि डॉक्टरांना ठाऊक आहे का? या तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली तरच पेला पुढे चालू ठेवावा. एका जरी प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तरी तो खाली ठेवावा.